त्या चारशे तासांचे काय? जोडवर्गांतील कृतियुक्त शिक्षणाविषयी खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्राचा शालेय शिक्षण विभाग, तसेच अभ्यासक्रम, पाठ्यपुस्तके आणि शिक्षक-प्रशिक्षण यांची आखणी करणारे सर्व संबंधित

सप्रेम नमस्कार.

मी अकोले तालुक्यातील एका वाडीवरच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवते. शाळेत पहिली ते चौथीचे वर्ग आहेत, पट २७ आहे आणि आम्ही दोन शिक्षक आहोत. पहिली-दुसरी सहकारी शिक्षकांकडे आणि तिसरी-चौथी माझ्याकडे, अशी या वर्षीची विभागणी आहे. सतरा वर्षांच्या नोकरीत मला एका इयत्तेचा स्वतंत्र वर्ग एकदाही मिळालेला नाही, आणि राज्याच्या डोंगराळ, आदिवासी व विरळ वस्तीच्या भागांतील माझ्या असंख्य सहकाऱ्यांचीही हीच स्थिती आहे. २०२५-२६ पासून पहिलीपासून टप्प्याटप्प्याने नवा अभ्यासक्रम येत असल्याने, पुढील इयत्तांची पुस्तके, हस्तपुस्तिका आणि प्रशिक्षणे यांचे स्वरूप ठरत असतानाच जोडवर्गाची, म्हणजे एकाच शिक्षकाने एकाच वेळी एकाहून अधिक इयत्तांना शिकवण्याच्या वर्गाची, बाजू आपल्यासमोर मांडणे मला आवश्यक वाटते.

प्रथम एक हिशेब मांडते. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीनुसार पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन झाले पाहिजे. माझ्याकडे दोन इयत्ता आहेत, म्हणजे कागदोपत्री मला १६०० तासांचे काम ८०० तासांत करायचे आहे. मी वेळ अगदी काटेकोर वाटला, तरी प्रत्येक इयत्तेच्या वाट्याला माझे थेट शिकवणे ४०० तासच येते. उरलेले ४०० तास मूल माझ्यासमोर बसलेले असते, परंतु मी दुसऱ्या इयत्तेशी बोलत असते. एकशिक्षकी शाळेत चार इयत्ता असतील, तर असे तास ६०० होतात. जोडवर्गाचा सारा प्रश्न या उरलेल्या तासांत दडलेला आहे. त्या वेळात मूल काय करते, यावर ते शिकते की नुसते शाळेत येऊन जाते हे ठरते, आणि तरीही आपल्या कोणत्याही वेळापत्रकात, टाचणाच्या नमुन्यात किंवा पाठ्यपुस्तकात त्या तासांची नोंद नाही.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी हे तास कसे भरले, ते मनापासून खेदाने सांगते. पहिलीला अक्षरे शिकवताना मी चौथीला धडा पाहून लिहायला लावत असे. चौथीला भागाकार शिकवताना पहिलीची मुले पाटीवर त्याच त्या पाच अक्षरांच्या ओळी गिरवत बसत. वर्ग शांत असे, वह्या भरत असत, आणि वह्या भरलेल्या दिसल्या की तपासणीलाही समाधान वाटत असे. त्या मुलांपैकी काही जण पुढे आश्रमशाळेत गेले, तेव्हा सुंदर अक्षरात लिहिलेला स्वतःचाच परिच्छेद त्यांना वाचता येत नव्हता. हे समजल्यावर मी उरलेल्या तासांचा विचार नव्याने करू लागले, आणि हाताने करण्याचे काम हाच त्यावरचा उपाय आहे या निष्कर्षाला हळूहळू आले.

आमच्या शाळेत रोज घडणारी एक गोष्ट सविस्तर सांगते. पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलासाठी दरदिवशी १०० ग्रॅम तांदूळ धरलेला असतो. पूर्वी हजेरी झाली की मीच दोन मिनिटांत आकडा काढून स्वयंपाक करणाऱ्या ताईंना सांगत असे. आता हे काम मुले करतात आणि त्याला सुमारे पंचवीस मिनिटे लागतात. पहिलीची मुले हजर असलेल्या प्रत्येकासाठी एकेक चिंचोका ठेवतात आणि दहा-दहाचे ढीग करतात: दोन ढीग आणि तीन सुटे, म्हणजे तेवीस. दुसरीची मुले पट आणि गैरहजर यांची वजाबाकी करून तोच आकडा येतो का ते पाहतात. तिसरीची मुले २३ ला १०० ने गुणतात. चौथीची मुले २३०० ग्रॅमचे २ किलो ३०० ग्रॅम करतात, काट्यावर तांदूळ तोलतात, आणि गोणीत ४६ किलो उरले असतील तर आजच्या हजेरीने ते आणखी किती दिवस पुरतील हे काढून फळ्यावर लिहितात. वीस दिवस, असे उत्तर आले की लगेच कोणीतरी मोठे मूल विचारते, उद्या सगळेच आले तर? तेथून पुढचे गणित त्यांचे ते सुरू करतात.

या कामात चारही इयत्तांचा अभ्यासक्रम आहे, आणि तो एकाच वेळी, एकाच जागी, एकाच तांदळावर चाललेला आहे. त्याहून महत्त्वाचे असे की, या पंचवीस मिनिटांत माझी गरज फार थोडी लागते. पहिलीच्या मुलाने चिंचोका दोनदा मोजला तर दुसरीच्या वजाबाकीशी त्याचा आकडा जुळत नाही. चौथीने शून्य विसरले तर काट्यावरचा तांदूळ इतका थोडा दिसतो की ताईच म्हणतात, एवढ्यात भागायचे नाही. चूक दाखवण्याचे काम वस्तू करते. ज्या वर्गात शिक्षकाचा आवाज ही सर्वांत दुर्मीळ गोष्ट आहे, त्या वर्गात उत्तर देणारी वस्तू हवी, एवढाच कृतियुक्त शिक्षणामागचा माझा साधा युक्तिवाद आहे. स्वतंत्र वर्गात कृती हा शिकवण्याच्या अनेक मार्गांपैकी एक असेल; जोडवर्गात मात्र तिच्यावाचून निम्मे वर्ष वाया जाते.

दुसरा प्रसंग अपूर्णांकांचा आहे. चौथीतल्या एका मुलीने पाटीवर एक चतुर्थांश अधिक एक चतुर्थांश बरोबर दोन अष्टमांश असे लिहिले होते. वरचे वर, खालचे खाली, अशी तिने बेरीज केली होती, आणि मी दोनदा समजावूनही ती चूक जात नव्हती. आमच्या भागात जुन्या घरांत अजून मापे आहेत. त्या आठवड्यात मुलांनी घरून चिपटे, मापटे, शेर आणि पायली आणली. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अडशिरी आणि दोन अडशिरींची पायली, ही मोजणी आजीकडून ऐकलेली असल्याने मुलांना नवी नव्हती. नवी होती ती तिच्यातली निम्मे-निम्मे होत जाण्याची रीत. भात भरून ओतताना त्या मुलीला दिसले की चिपटे हा शेराचा चौथा भाग आहे आणि दोन चिपट्यांनी मापटे, म्हणजे अर्धा शेर, काठोकाठ भरतो. तिने स्वतःहून पाटी पुसली. मग चिपटे पायलीचा कितवा भाग, हा प्रश्न तिनेच काढला आणि सोळावा हे उत्तर ओतून पाहून सिद्ध केले. त्याच वेळी दुसरीची दोन मुले तिच्या शेजारी बसून फक्त किती वेळा ओतले ते मोजत होती. दोन वर्षांनी ती चौथीत येतील, तेव्हा चतुर्थांश हा शब्द त्यांना परका वाटणार नाही. वरच्या इयत्तेचे काम खालच्या इयत्तेच्या कानावर आणि डोळ्यांवर सतत पडत राहणे, हा जोडवर्गाचा असा लाभ आहे जो स्वतंत्र वर्गाला कितीही खर्च करून मिळवता येत नाही.

यात मी काही नवे सांगत नाही, याची मला जाणीव आहे. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये, आजच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी येथे आणि पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये जे काम उभे केले, त्याचा पाया हाच होता. महागड्या साधनांऐवजी बिया, पाने, शिंपले, मणी अशा परिसरातील वस्तू त्यांनी शिकण्याची साधने केली, आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणावरच शाळा नेली. तेथे इयत्तांची भिंत नव्हती. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्येही कृती, शोध आणि अन्वेषण यांतून शिकणे अपेक्षिले आहे. तेव्हा तत्त्व मान्य आहे आणि परंपराही आपलीच आहे. अडचण आहे ती व्यवस्थेच्या तपशिलांत, आणि म्हणून मी तपशिलांविषयीच लिहीत आहे.

साहित्यापासून सुरुवात करते. शाळांना गणित पेटी, भाषा पेटी मिळतात आणि त्यांतील साहित्य चांगले असते. परंतु ते जडवस्तू संग्रह नोंदवहीत चढते, आणि एकदा तेथे चढले की प्रत्येक मणी आणि प्रत्येक ठोकळा मुख्याध्यापकांच्या जबाबदारीचा होतो. बदलीच्या वेळी प्रभार देताना एक दांडा कमी भरला तर खुलासा द्यावा लागेल, या धास्तीने कितीतरी पेट्या कपाटात कुलूपबंद राहतात. मी पूर्वी जेथे होते, त्या शाळेत तीन वर्षे न उघडलेली पेटी मी स्वतः उघडली आहे. माझी विनंती अशी आहे की, मुलांच्या हाताळणीचे साहित्य खडू आणि कागदाप्रमाणे उपभोग्य मानावे, त्याची झीज आणि हानी गृहीत धरावी, आणि दरवर्षी थोडी रक्कम ते भरून काढण्यासाठी शाळेकडेच द्यावी. जोडवर्गाला साहित्य थोडेच पुरते. सगळी मुले एकाच वेळी एकच काम करत नसल्यामुळे तीस मुलांसाठी तीस संच लागत नाहीत. तीन-चार संच गटागटांत फिरले की भागते.

दुसरी गोष्ट अनुकरणाची. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमधील, म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याच्या देखरेखीखालील, शाळांनी ज्ञानरचनावादी पद्धतीने (मूल स्वतःच्या अनुभवातून ज्ञान घडवते, असे मानून) केलेले काम राज्यभर नावाजले गेले, आणि २२ जून २०१५ च्या प्रगत शैक्षणिक महाराष्ट्राच्या शासन निर्णयानंतर शिक्षकांचे गट ते पाहायला जाऊ लागले. खडे, बिया, बाटल्यांची झाकणे घेऊन फरशीवर बसून मुले शिकत आहेत, हे दृश्य अनेकांना हलवून गेले. मात्र आमच्या भागात परत आल्यावर बहुतेक ठिकाणी जे उतरले, ते फरशीवरचे रंगीत तक्ते. खडूने काढलेली आकृती काम संपल्यावर पुसता येते आणि उद्या बदलता येते. ऑइलपेंटने रंगवलेली आकृती वर्षभर तीच राहते आणि चार दिवसांनी मुले तिच्याकडे पाहतही नाहीत. मूळ कामाचा प्राण मुलापुढे ठेवलेल्या प्रश्नात होता, आणि तो रंगात उतरत नाही. वस्तू हातात दिली आणि प्रश्न दिला नाही, तर मूल खेळते, रमते, पण शिकतेच असे नाही. हे मी माझ्या वर्गातही अनेकदा अनुभवले आहे, आणि म्हणून प्रत्येक साहित्यासोबत इयत्तावार प्रश्नांची कार्डे असणे मला साहित्याइतकेच महत्त्वाचे वाटते.

या कार्डांच्या बाबतीत आपल्या शेजारी एक पूर्ण उदाहरण उभे आहे. आंध्र प्रदेशातील ऋषी व्हॅलीच्या परिसरातील छोट्या ग्रामीण शाळांसाठी बहुवर्ग आणि बहुस्तर अध्यापनाची, म्हणजे अनेक इयत्तांच्या आणि वेगवेगळ्या पातळ्यांच्या मुलांना एकत्र शिकवण्याची, जी पद्धत तयार झाली, तिच्यापासून प्रेरणा घेऊन कर्नाटकात १९९५ मध्ये म्हैसूर जिल्ह्यातील हेग्गडदेवनकोटे तालुक्यात नली-कली, म्हणजे आनंदाने शिकूया, हा उपक्रम सुरू झाला आणि पुढे तेथील सरकारी शाळांच्या प्राथमिक वर्गांत राज्यभर नेला गेला. त्यात पहिली ते तिसरीची मुले एकत्र बसतात. अभ्यासक्रमाची छोट्या पायऱ्यांची शिडी असते, प्रत्येक पायरीला कार्ड असते, आणि आपण कोणत्या पायरीवर आहोत हे मुलाला स्वतःला ठाऊक असते. गट इयत्तेनुसार पडत नाहीत. शिक्षकाची मदत पूर्ण लागते, थोडी लागते, सोबत्याची पुरते, की काहीच लागत नाही, यावर ते पडतात. मला यातील गटांची कल्पना सर्वांत मोलाची वाटते, कारण ती शिक्षकाचा वेळ नेमका कोठे खर्च व्हावा हे सांगते.

आमच्यासाठी या शिडीचे आणखी एक महत्त्व आहे. भाताची कापणी झाली की आमच्याकडची काही कुटुंबे मजुरीसाठी नारायणगावच्या बाजूला जातात आणि मुलेही त्यांच्याबरोबर जातात. दीड-दोन महिन्यांनी मूल परत येते, तेव्हा पुस्तक तीस पाने पुढे गेलेले असते आणि ते मूल वर्षभर मागेच राहते. शिडीवर मूल जेथे उतरले होते, तेथूनच पुन्हा चढते. स्थलांतरित मुलांसाठी आपण वेगळ्या मोहिमा राबवतो, त्यांचे मोल आहेच. परंतु वर्गाची रोजची रचनाच अशी असेल की परत आलेल्या मुलाला आपली जागा सापडेल, तर त्याला वर्गात परके वाटणार नाही.

पाठ्यपुस्तकांविषयी माझी ठाम सूचना आहे. परिसर अभ्यासात तिसरी आणि चौथीला पाणी, अन्न, निवारा, नकाशा, आरोग्य हेच विषय थोड्या फरकाने येतात. बहुवर्ग शाळांसाठी या दोन इयत्तांचे दोन वर्षांचे चक्र करावे: एका वर्षी दोन्ही इयत्तांनी मिळून निम्मे विषय करावेत आणि पुढच्या वर्षी उरलेले निम्मे. त्यामुळे ओढ्याचे पाणी गाळून पाहणे, वाडीचा नकाशा काढणे, परसबागेतील वाफ्यांतल्या रोपांची वाढ मोजणे अशा कामांना सलग दीड तास मिळू शकेल. गणित आणि वाचन यांत मात्र हे चालणार नाही. तेथे क्रम मोडता येत नाही आणि शिडीच हवी. मूल मध्येच दुसऱ्या गावी गेले तर चक्रामुळे त्याचे काही विषय राहून जातील, हा आक्षेप मला मान्य आहे. सर्व बहुवर्ग शाळांत एका वर्षी एकच चक्र चालवले, तर तो बराचसा दूर होतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने पहिली-दुसरी पायाभूत स्तरात आणि तिसरी ते पाचवी पूर्वतयारी स्तरात घातली आहे. द्विशिक्षकी शाळेची विभागणी नेमकी याच रेषेवर होते. तेव्हा स्तर हे एकक मानून लिहिलेली शिक्षक हस्तपुस्तिका धोरणाला धरूनच होईल.

प्रशिक्षणाबद्दल थोडक्यात लिहिते, कारण त्यातील उणीव सर्वांना ठाऊक आहे. शिक्षण परिषदेत, म्हणजे परिसरातील शाळांच्या शिक्षकांच्या नियमित बैठकीत, दाखवला जाणारा आदर्श पाठ एका इयत्तेचा असतो. एकीकडे पाठ चालू असताना शेजारची इयत्ता त्या वेळी काय करत आहे, हे आजपर्यंत एकाही प्रात्यक्षिकात मला पाहायला मिळालेले नाही. जोडवर्गाचे प्रशिक्षण जोडवर्गातच, चालू शाळेत, पूर्ण दिवस बसून व्हावे. तपासणीलाही हेच लागू आहे. काही वर्षांपूर्वी आलेल्या एका अधिकाऱ्यांनी माझ्या वर्गात चार ठिकाणी चार गट पाहिले, तिसरी नेमकी कोणती असे विचारले, आणि शेरेबुकात ‘वर्ग विस्कळीत’ असे लिहिले. त्यांचा हेतू वाईट नव्हता; त्यांच्या हातातील प्रपत्रात अशा वर्गासाठी रकानाच नव्हता. तो रकाना तयार व्हावा. त्यात शिक्षक काय शिकवत आहे याच्याबरोबरच, ज्या गटाजवळ शिक्षक नाही तो गट काय करत आहे, असा प्रश्न असावा. चाचण्यांतही लेखी प्रश्नपत्रिकेबरोबर मोजणे, तोलणे, गट करणे, वाचून त्याप्रमाणे करून दाखवणे यांना जागा असावी, नाहीतर परीक्षा जवळ आली की आम्हीच कार्डे बाजूला ठेवून पुन्हा लेखनाच्या ओळींकडे वळतो.

शेवटी एका गैरसमजाची शक्यता मला आजच दूर केली पाहिजे. मुले वस्तूंवर स्वतः काम करू शकतात, मोठी मुले लहानांना मदत करतात, या माझ्या म्हणण्याचा अर्थ दुसऱ्या शिक्षकाची गरज नाही असा कोणी काढू नये. १९८७ च्या खडू-फळा मोहिमेने प्रत्येक प्राथमिक शाळेला किमान दोन शिक्षक हे तत्त्व रुजवले आणि शिक्षण हक्क कायद्याने ६० पटापर्यंत दोन शिक्षक कायम केले. १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या, म्हणजे पटानुसार शिक्षकांची पदे मंजूर करण्याच्या, निकषांमुळे वीस आणि त्याहून कमी पटाच्या शाळांतील दुसऱ्या नियमित शिक्षकाचे पद धोक्यात आले आहे, याची आम्हाला खरी चिंता आहे. कार्डे तयार करणे, प्रश्न बदलणे, मुलाची पायरी ओळखणे ही कामे शिक्षकाचीच आहेत, आणि मोठ्या मुलाने लहानाला शिकवताना त्याचे स्वतःचे शिकणे थांबत नाही ना, हे पाहणारा माणूस वर्गात लागतोच. त्याचप्रमाणे लहान पटाच्या अनेक शाळा एका मोठ्या समूह शाळेत विलीन करण्याचा विचार करताना या वाड्यांची वाट, पावसाळ्यातील ओढे आणि सहा वर्षांच्या मुलाची पावले यांचाही विचार व्हावा. ग्रामीण शिक्षणाच्या २०२४ च्या ‘असर’ पाहणीनुसार देशाच्या ग्रामीण भागातील निम्म्याहून अधिक सरकारी प्राथमिक शाळांचा पट साठपेक्षा कमी आहे. जी रचना निम्म्या शाळांची आहे, तिला अपवाद मानून धोरण करता येणार नाही.

माझ्या केंद्रातील, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातील, पाच शाळांच्या शिक्षकांनी मिळून तिसरी-चौथीच्या परिसर अभ्यासाच्या दोन वर्षांच्या चक्राचा एक कच्चा आराखडा तयार केला आहे, आणि तांदळाच्या हिशेबापासून मापांपर्यंतच्या कामांची इयत्तावार प्रश्नकार्डे हाताने लिहिली आहेत. दोन वर्षांच्या वापरात जी कार्डे निरुपयोगी ठरली, ती आम्ही वेगळी ठेवली आहेत आणि ती का फसली हे त्यांच्या मागे लिहिले आहे. हे सर्व साहित्य पुस्तक-निर्मितीच्या कामी द्यायला आम्ही तयार आहोत. पुढील इयत्तांच्या हस्तपुस्तिका छपाईला जाण्यापूर्वी ते कोणाकडे आणि केव्हा पोहोचवायचे, एवढे आपण कळवावे.

आपली विश्वासू,
द्विशिक्षकी शाळेतील एक प्राथमिक शिक्षिका